परब सरांचे पासवर्ड

आमचे परब सर माणसं नावाने लक्षात ठेवत नाहीत, पासवर्डने ठेवतात. लालबागच्या मसाला गल्लीत, ऐन मिरच्यांच्या मोसमात, समोरच्या फुटपाथवरून खणखणीत हाक येते, "काय रे सुषमावन, किती किलो?" माझ्या बायकोचं नाव वैशाली आहे. पुढचं काय सांगू!

दोष माझाच. नव्वदीच्या सुरुवातीला परळच्या आमच्या शाळेत कॉम्प्युटर आले. सगळे एका काळ्या वायरीने जोडलेले आणि कोपऱ्यात सर्व्हर. गणिताच्या परब सरांच्या गळ्यात ते लोढणं पडलं. आठवडाभर कुठलासा कोर्स करून सर आले ते सर्व्हरचे मालक होऊनच. प्रत्येकाला पासवर्ड. "गुप्त ठेवायचा! आईला सांगायचा नाही, देवाला सांगायचा नाही. फक्त माझ्या वहीत लिहायचा." आम्ही गाढवांनी लिहिला. वही कधीच रद्दीत गेली, सर्व्हर भंगारात गेला. सरांच्या डोक्यातून मात्र एक अक्षर पुसलं गेलं नाही. आमच्यातला एक जण आज बँकेत मोठा साहेब आहे. सर त्याच्या केबिनचं दार ढकलून विचारतात, "ढेकूणसेव्हन, बिझी आहेस का?"

सर आमच्याच चाळीत, दोन खोल्या सोडून राहतात. काकू गेल्यापासून एकटेच. मुलगी बंगळूरला. तिने स्वतःच्या मर्जीने लग्न केलं म्हणून सरांनी तिच्याशी बोलणं सोडलं, त्याला तीन वर्षं झाली. हट्टी माणूस!

गेल्या रविवारी साडेदहाला सर दारात उभे. हातात नवाकोरा टॅब. मुलीने कुरियरने पाठवलेला, सोबत चिठ्ठी: "रविवारी अकराला बाळाचं बारसं आहे. व्हिडिओवर तरी या. पासवर्ड: लहानपणी मला ज्या नावाने हाक मारायचात, ते."

"आठवत नाही का, सर?"

"मला? न आठवायला काय झालं?" सर उखडले. "टाइप होत नाही रे. कीबोर्डच भिकार आहे."

कीबोर्ड चांगला होता. सर दोन अक्षरं टाकायचे आणि पुसायचे. असं करता करता अकराला पाच कमी झाले. म्हटलं, "सांगा, मी टाकतो."

"शहाणाच आहेस! पासवर्ड गुप्त असतो. तोंड फिरव तिकडे."

हे कोण सांगतंय बघा! पण मी निमूट भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. बराच वेळ नुसती टकटक. मग एकदम बायकांचा गलका, पाळण्याचं गाणं, आणि कुणीतरी म्हणालं, "बाबा?"

मला समोरची भिंत नीट दिसेना.

"चिंगे," सर शेवटी म्हणाले, "जरा बाजूला हो गं. बाळ दिसत नाहीये."