पाटी पक्की आहे ना?

हेडक्लार्कांचा जीव मुळातच मुठीत. घराला कुलूप लावलं तरी चारदा ओढून बघणार. त्यात नगरपालिकेच्या नव्या इमारतीला नामवंत सिनेनटीचं नाव द्यायचं ठरलं, आणि पाटीच्या अनावरणाला बाई जातीनं येणार! "पाटी बाईंच्या अंगावर पडली तर तुम्ही कायमचे घरी," असं नगराध्यक्षांनी बजावून ठेवलं होतं. निवृत्तीला उरले होते आठ महिने.

"पक्की आहे ना?" त्यांनी पाटी कोरून बसवणाऱ्या पाथरवटाला दहाव्यांदा विचारलं.

"हत्ती टेकला तरी हलायची नाही. बरं, माझ्या दुकानाच्या परवान्याचं काय झालं, साहेब?"

"उद्या या," हेडक्लार्क सवयीनं म्हणाले. सहा महिने हेच चाललं होतं. मग त्यांनी पाटी ठोकून बघितली. हलली नाही. तरी मन मानेना, म्हणून दोन्ही हातांनी धरून ओढली.

धाडकन! चार तुकडे!

"मी हत्तीचं बोललो होतो, साहेब," पाथरवट म्हणाला. "तुमचं नाही."

बाई यायला अर्धा तास. हेडक्लार्कांनी तुकडे जिन्याखाली ढकलले आणि कोऱ्या भिंतीवर पडदा ओढला. गाडी येताच ते पायरीवरच बाईंना आडवे गेले.

"बाई, पडद्यामागे नुसती भिंत आहे. माझी नोकरी जाईल हो!"

बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं. "अहो, कॅमेऱ्यापुढे नसलेल्या डोंगराकडे बघून मी चाळीस वर्षं रडले. लोकही रडले. इथे निदान भिंत तरी खरी आहे."

बाईंनी पडद्याचं टोक जेमतेम उचललं, मान आत घातली आणि भरल्या गळ्यानं वाचू लागल्या. आधी स्वतःचं नाव. मग बहुधा तरुणपणी एका दाखल्यासाठी घातलेले खेटे त्यांना आठवले असावेत. "ही वास्तू लोकांची आहे. इथे आलेल्या कुणालाही 'उद्या या' म्हणून माघारी धाडलं जाणार नाही!"

टाळ्यांचा नुसता कडकडाट. बायकांनी डोळे पुसले. सगळ्यांत जोरात टाळ्या पाथरवटाच्या.

"सिमेंट ओलं आहे, आज हात लावू नका," म्हणत बाईंनी पडदा सोडला. हेडक्लार्कांनी मनातल्या मनात त्यांच्या पाया पडून घेतलं. तेवढ्यात नगराध्यक्षांनी माईक ओढला. "हा मजकूर मी स्वतः लिहिलाय! उद्या सकाळी दहाला सगळ्यांनी या, पाटीसोबत फोटो काढू!"

हेडक्लार्क धापा टाकत पाथरवटाच्या दुकानात पोचले.

"मजकूर ऐकलात ना?"

"अक्षर न् अक्षर पाठ आहे."

"मग बसा कोरायला! सकाळी दहाच्या आत पाटी भिंतीवर पाहिजे!"

पाथरवटानं कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत कानावर ठेवली.

"उद्या या," तो म्हणाला.

हेडक्लार्क तीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच, कुणाची तरी फाईल शोधायला कचेरीकडे पळत सुटले.