फळीवरचा पाय

सहा मिलिमीटर. प्रयोगशाळेत दिएपनं तीनदा मोजलं, तिन्ही वेळा सहाच. ख्वात काकांचा उजवा पाय फळीवरच्या पायापेक्षा तांदळाच्या एका दाण्याएवढा लांब भरत होता.

फळीवरचा पायही काकांचाच. बिएन होआ शहरातल्या बुटांच्या कारखान्यात बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या पायावरून बेचाळीस नंबरचा साचा घडवून फळीवर ठेवला होता. तेव्हापासून टेनिसचा प्रत्येक नवा जोडा चाचणीसाठी आधी त्यांच्या पायात जाई. कारखान्यामागच्या कोर्टावर ते धावत, घसरत, गर्रकन वळत आणि मग दिएपच्या फॉर्मवर एकच शब्द लिहीत : आरामदायक.

"लोकांचे फोटो मेल्यावर देव्हाऱ्यात जातात," ते छाती काढून सांगत, "माझा पाय जिवंतपणीच फळीवर बसलाय!"

अशा माणसाला 'काका, तुमचा पाय वाढला' असं सांगायचं कसं? वयाबरोबर पायाची कमान बसते, पाय पसरतो, हे दिएपला तोंडपाठ होतं. तोंडपाठ होतं, पण तोंडातून फुटत नव्हतं. आठ महिने ती रोज 'उद्या नक्की' म्हणत होती. इकडे काका लंगडत होते आणि विचारलं की म्हणत होते, "गुडघा!" त्यांची बायको लुआ काकू साचे विभागाची प्रमुख. त्या बिचाऱ्या रोज संध्याकाळी त्यांच्या गुडघ्याला हिरवं औषधी तेल चोळत होत्या.

शेवटी दिएपला युक्ती सुचली. त्रेचाळीस नंबरचा जोडा घ्यायचा, आतलं लेबल उसवायचं आणि बेचाळीसचं शिवायचं. पाय सुखी, मान शाबूत! प्रयोगशाळेत आयुष्य काढूनही इतकी बिनचूक योजना तिनं आजवर आखली नव्हती.

दोन आठवड्यांनी काकांचा फॉर्म आला. एका शब्दाऐवजी अख्खं पान! 'बावीस वर्षांत असा जोडा पाहिला नाही. टाच घट्ट धरतो, बोटांना मोकळं सोडतो. पळताना वाटतं, पाय माझे नाहीतच.'

व्यवस्थापक तोआन साहेबांनी ते पान वाचलं आणि खुर्चीतून उसळलेच. "परवा परदेशी खरेदीदार येतायत. त्यांच्यासमोर ख्वात काका याच जोड्यात खेळतील! समोर क्वीला उभा करा."

क्वी हा दुसरा परीक्षक. वय तेवीस, पाय अस्सल बेचाळीस. जोडाही त्याच बनावटीचा, पांढरा.

त्या दिवशी खेळाआधी सभागृहात पूजा होती. उदबत्त्या, फळं, नैवेद्याला अख्खं भाजलेलं डुक्कर. रिवाजाप्रमाणे सगळ्यांचे बूट दाराबाहेर. पूजा संपली, पाहुणे उठले, तसे काका घाईघाईनं बाहेर गेले आणि पहिला हाताला लागला तो पांढरा जोडा त्यांनी पायात कोंबला. लेबल? दोन्हींवर बेचाळीस!

कोर्टावर पाचव्या मिनिटाला दिएपची नजर काकांच्या पायांवर गेली. काका तापल्या तव्यावर उभं राहिल्यासारखे खेळत होते. चेहऱ्यावर मात्र हसू, फोटोसाठी करतात तसं.

"काका, माझा बूट सैल झाला हो!" पलीकडून क्वी ओरडला.

"नाडी आवळ! बुटाला नावं ठेवू नकोस!" काका दात आवळून म्हणाले.

"आवळलीय! कालपर्यंत नीट होता!"

"तर मग पाय आवळ!"

काकांनी चेंडू जाळीजवळ अलगद टाकला. क्वी जिवाच्या आकांतानं धावला. जाळीशी तो थांबला. बूट थांबला नाही. जाळीवरून झेप घेऊन तो कडेच्या टेबलावर, जेवणासाठी आणून ठेवलेल्या डुकराच्या डोक्यावर टोपीसारखा बसला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. तोआन साहेबांनी वाजवल्या नाहीत. त्यांनी डुकराच्या डोक्यावरचा बूट घेतला, काकांच्या पायातला काढायला लावला आणि तळाला तळ भिडवला.

"दोन्ही बेचाळीस, आणि एक केवढा, एक केवढा! लुआबाई! तुमचे साचे चुकलेत! मशीन बंद करा! तीन हजार जोडे पुन्हा मोजा! आणि साचे विभाग उद्यापासून दुसऱ्या कुणाकडे!"

"माझे साचे?" लुआ काकूंचा आवाज चिरकला. "साहेब, एका केसाचा फरक निघाला तर माझं नाव बदला!"

सगळ्यांच्या नजरा काकूंवर. काका एका पायात मोजा, एका पायात बूट अशा अवस्थेत जमिनीकडे पाहत उभे. दिएपला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं. कोर्ट मात्र सिमेंटचं होतं.

"साचे बरोबर आहेत," दिएप म्हणाली. इतक्या हळू, की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "लेबल मी बदललं. मोठा जोडा त्रेचाळीसचा आहे. काका... तुमचा पाय आता बेचाळीसचा राहिला नाही."

लुआ काकू सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"काय हो? मग मी रोज गुडघ्याला तेल चोळते, ते कशाला?"

काका खाली बसले. उरलेला बूट त्यांनी ओढून काढला, तशी पाचही बोटं पंख्यासारखी पसरली.

"पोरी, फॉर्म आण," ते म्हणाले. दिएपनं पेन उघडलं.

"लिही. चावतो." आणि मग अख्ख्या कारखान्याला ऐकू जाईल असं, "दोन वर्षं चावतोय!"