परातीतलं फुलपात्र

इरा, निहार,

मागच्या वेळी व्हिडिओ कॉलवर आमच्या खिडकीतून ज्यांना पाहून तुम्ही हसलात, ते तुमच्या आजीचे शेजारी, कर्णिकभावोजी. गाडीत पुढच्या सीटवर ते परात ठेवतात, परातीत काठोकाठ भरलेलं फुलपात्र, आणि त्या दोघांना सीटबेल्ट. स्वतःचा बेल्ट नंतर.

आमचा अख्खा नौपाडा त्यांना हसतो. एके काळी मला ते रोज मागच्या सीटवर बसवून नेत. माझं काम एकच. त्यांची नजर रस्त्यावर, म्हणून दर सिग्नलनंतर विचारत, "वहिनी, सांडलं का?" मी वाकून परात बघायची आणि निकाल द्यायचा.

गाडी आपोआप गिअर बदलणारी, दोन क्लचांची. हे ते भाजीवाल्यालाही समजावतात. "एक क्लच चालू गिअर धरतो, दुसरा पुढचा गिअर तयार ठेवून बसतो. बदललेलं कळतच नाही!" भाजीवाला म्हणतो, "काका, कोथिंबीर देऊ का?" पायाशी क्लचचं पेडलच नाही, तरी त्यांचा डावा पाय अजून रिकाम्या जागी दाबतो. "जन्माची सवय, वहिनी. त्याला कोण सांगणार?"

गाडी हौसेने घेतलेली नव्हती. त्यांच्या बायकोच्या, सुलभाच्या, मणक्यांत कॅन्सर उतरला होता. जरा हिसका बसला की ती पांढरीफटक पडायची. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तिला एकदाच मोहन्याला जायचं होतं, माहेरी. वडील तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होते. कारखाना कधीच बंद पडला, घरात आता भाऊ राहतो. "त्या पायरीवर बसून चहा प्यायचाय, बास," ती म्हणे.

भावोजींनी जुनी गाडी काढून ही घेतली. चूक एवढीच, की चालवून पाहिली रविवारी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर. लोण्यासारखी गेली. सोमवारी गर्दीत शिरले तेव्हा कळलं, मुंगीच्या चालीने सरकताना हीच गाडी हिसके देते, आणि सारखी सरकवली तर क्लच तापतो.

तेव्हापासून फुलपात्र आणि रोजचा सराव. पुढची गाडी हातभर सरकली तरी हे जागचे हलत नसत. चांगली मोकळी जागा झाली की मगच ब्रेक सोडत. मागे हॉर्नचा कल्लोळ. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन ओरडला, "ओ काका, मुहूर्त बघताय काय?"

"हो. थांब जरा," भावोजी म्हणाले.

कापूरबावडीपर्यंत जाऊन येऊन थेंबही सांडला नाही, त्याच आठवड्यात आम्ही निघालो. सुलभा मागे उशांमध्ये, शेजारी मी. कोन गावापर्यंत छान गेलो. दुर्गाडीच्या पुलाच्या चढावर रांग लागली. भावोजींनी पुढे जागा होऊ दिली, तर तिथे एक टेम्पो घुसला. मग थांबा, निघा, पुन्हा थांबा. गाडी हिसक्यांवर हिसके देऊ लागली. सुलभाने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं आत रुतली.

"दुखलं का गं?" आरशात बघत भावोजींनी विचारलं.

"कुठे काय! पाळण्यासारखी चाललीय तुमची गाडी."

पायरीवर बसून तिने अर्धा कप चहा घेतला. उरलेला भावाने मोरीत ओतला, आमच्याकडे पाठ करून. परत आल्यावर ती घराबाहेर पडली नाही. दिवाळीच्या आत गेली. मनगटावरचे डाग भावोजींना दिसू नयेत म्हणून मी कितीतरी दिवस पदराखाली झाकत होते.

परात अजून सीटवर असते. आता सराव कशासाठी, ते कोणी विचारत नाही. काल मी त्यांच्याबरोबर बँकेत निघाले होते. खोपटच्या डेपोतून एसटी बाहेर पडत होती, तिच्यामागे सरकताना गाडी अडखळली आणि फुलपात्र चांगलंच हिंदकळलं. परातभर पाणी. भावोजींनी रस्त्यावरची नजर काढली नाही.

"वहिनी, सांडलं का?"

"नाही हो, भावोजी. थेंबसुद्धा नाही."

त्यांचा डावा पाय रिकाम्या जागी दाबला गेला.

"सुलभाही असंच म्हणाली होती," ते म्हणाले.