वाफ्याची तयारी आणि वकीलसाहेब

"या वर्षी आपल्या घरात विकतचा टोमॅटो येणार नाही म्हणजे नाही!" चष्मेवाल्यांनी टेबलावर मूठ आपटली. ती नेमकी चमच्यावर बसली आणि चमचा उडून बायकोच्या मांडीत पडला.

"रोपं आणलीत का?" चमचा पुसत बायकोनं विचारलं.

"रोपं काय, कुणीही आणेल! सगळी करामत मातीत असते. माती लोण्यासारखी झाली की टोमॅटो झक मारत लागतात!"

अख्ख्या गल्लीच्या नाकांवर चष्मे चढवणारा हा गृहस्थ स्वतःचा चष्मा मात्र खिशात ठेवायचा. खुद्द दुकानदाराचेच डोळे अधू म्हटल्यावर गिऱ्हाइकानं भरवसा कुणावर ठेवायचा, असा त्यांचा सवाल होता. बायकोनं या सवालापुढे कधीच हात टेकले होते.

मग परसात युद्ध सुरू झालं. कुदळीनं कुंपणालगतची जमीन उकरली. ढेकळं फोडली. शेणखत, पालापाचोळा, राख, सगळं कालवलं. स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी मातीत गेली, ती बायकोनं पुन्हा घरात घेतली नाही! निघालेले दगड त्यांनी हातानं चाचपून निवडले. मोठे वाफ्याच्या कडेला रांगेत मांडून त्यांना चुना फासला. बारीकसारीक पोत्यात भरून गवंड्याकडे धाडले, कारण दुकानापुढे नवी पायरी व्हायची होती.

दोन दिवसांनी वाफा असा दिसत होता, की तिथे रोपं लावण्याऐवजी स्वतःच आडवं व्हावं! तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारच्या मावशींनी हाक मारली.

"अहो चष्मेवाले, आमचे वकीलसाहेब दिसले का कुठे?"

वकीलसाहेब म्हणजे मावशींचं कासव. कुठल्याच गोष्टीचा निकाल लवकर लावत नाही, म्हणून हे नाव. यजमान गेल्यापासून भांडायला घरात तेवढाच जीव उरला होता.

"थंडीत मातीत निजतो बघा. आता ऊन तापायला लागलं, उठायला हवा होता."

"कुठल्या मातीत?"

"तुमच्याच की! कुंपणाखालून येतो आणि इथेच कुठेतरी पुरून घेतो."

चष्मेवाल्यांना एकदम आठवलं. खणताना एकदा कुदळ टक्कन वाजली होती. काहीतरी गोल, जडशीळ हाताला लागलं होतं. दगड समजून उचललं, पण पुढे ठेवलं कुठे? काही केल्या आठवेना!

मावशी आत जाताच ते गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी वाफा उपसू लागले.

"आणखी किती मऊ करताय?" मावशी खिडकीतून कौतुकानं म्हणाल्या.

"गाठी मोडतोय, मावशी!" पाठीमागून घाम आणि पुढून माती, असा त्यांचा अवतार झाला होता.

"पोत्यात तर नाही ना गेला?" मागच्या दारातून सगळं ऐकणारी बायको हळूच म्हणाली.

पोतं! चष्मेवाले तसेच मातीच्या हातांनी दुकानाकडे धावले. गवंडी नव्या कोऱ्या पायरीवरून शेवटची थापी फिरवत होता.

"फोड!"

"काय फोडू, साहेब?"

"पायरी! आत वकीलसाहेब आहेत!"

गवंडी दोन पावलं मागे सरला. "साहेब, मी फक्त दगड भरलेत हो! माणूसबिणूस आपण कधी भरत नाही!"

समजावत बसायला वेळ कुणाला होता? चष्मेवाल्यांनी थापी हिसकावून घेतली आणि ओली पायरी स्वतःच उकरली. आत दगड होते. नुसते दगड! आता मावशींना तोंड कसं दाखवायचं, या विचारानं ते त्या चिखलातच मटकन बसले.

इतक्यात बायको धापा टाकत आली. "अहो, चला लवकर! वाफ्याच्या कोपऱ्यातला तुमचा दगड चालायला लागलाय!"

परसात पोचल्यावर चष्मेवाल्यांनी खिशातून चष्मा काढला आणि चक्क डोळ्यांवर चढवला. चुन्यानं पांढरेफटक झालेले वकीलसाहेब रांग सोडून डुलत डुलत वाफ्याच्या मधोमध पोचले होते. पाठीवर साधा ओरखडाही नव्हता. त्या लोण्यासारख्या मातीत त्यांनी तोंड खुपसलं आणि पाय आखडून घेतले.

"झोप बाबा, झोप! हवा तेवढा झोप!" चष्मेवाले वाफ्याशी उकिडवे बसत म्हणाले. टोमॅटो? टोमॅटो गेले खड्ड्यात!

बायको ओल्या फडक्यानं वकीलसाहेबांची पाठ हलक्या हातानं पुसू लागली, तोवर मावशीही आल्या. त्यांनी आधी वकीलसाहेबांना डोळे भरून पाहिलं. "मेल्या, जीव घेतलास माझा!" मग नजर चुना लागलेल्या फडक्यावर, दगडांच्या रांगेवर आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेवर फिरली. गृहस्थ मान खाली घालून उभे होते.

मावशींनी त्यांच्या खांद्यावरची माती झटकली.

"डोळे तपासून घ्या हो," त्या मायेनं म्हणाल्या. "आपल्या गल्लीत एक आहेत चष्मेवाले. पण त्यांच्याकडे नका जाऊ!"