बॅटीला कुंकू

घाबरणं कशाशी खातात ते मला ठाऊक नाही, हे मी काल स्पर्धेला येताना लोअर हटपासून हॅमिल्टनपर्यंत गाडीत वाटभर ओवीला ऐकवत होतो. ओवी माझी तेरा वर्षांची लेक. घरी ती टेबल टेनिसमध्ये मला धूळ चारते, पण स्पर्धेत तिचा हात थरथरतो आणि सर्व्हिस जाळ्यात जाते. आजही तसंच झालं तर खेळ सोडणार, असं तिने आईला सांगून ठेवलं होतं.

म्हणून सकाळी ती अंघोळीला गेल्यावर मी मोटेलमध्ये बॅटची पूजा उरकली. दसऱ्याला आम्ही लॅपटॉपलाही हळदकुंकू लावतो, मग बॅटने काय घोडं मारलंय? डोक्याच्या तेलात कालवून काळ्या बाजूला कुंकवाचं बोट ओढलं, लाल बाजूला हळदीचं.

सामन्याआधी पंचबाई बॅट तपासतात. “किआ ओरा,” असा माओरी नमस्कार करत त्यांनी ती हसत हातात घेतली आणि त्यांचं हसू मावळलं.

“इज धिस ब्लड, डिअर?”

मी धावलो. “नो, नो, ओन्ली कुंकू!” म्हणत रुमालाने पुसायला गेलो. तेल पसरलं, काळं रबर गुलाबी झालं, बॅट बाद. ओवीच्या वाट्याला क्लबच्या खोक्यातली बॅट आली, माझ्या टकलासारखी गुळगुळीत. मला अगदी रडायला आलं.

“सॉरी गं, ओवी.”

ती आपल्या बॅटच्या लाल बाजूकडे बघत होती. हळदीचं बोट शाबूत होतं, पण पार वेडंवाकडं.

“बाबा, वॉज युअर हँड शेकिंग?”

“मोटेलमध्ये थंडी होती.”

“हीटर ऑन होता.”

“थरथरला जरा.”

“मोअर दॅन माइन?”

“हीप्स. खूपच जास्त,” मी म्हणालो.

ती खुदकन हसली आणि ती टकली बॅट घेऊन गेली. पहिलीच सर्व्हिस जाळ्यावरून गेली. सामना ती हरली, पण शेवटच्या गेमपर्यंत झुंजून. मग नाचतच माझ्याकडे आली.

“नेक्स्ट ग्रुप मॅच दुपारी आहे. आय वॉन्ट टू प्ले. तू कारमध्ये बस, ओके? अँड ब्रीद.”

आपल्या बाद बॅटवरचं उरलंसुरलं कुंकू बोटावर घेऊन तिने माझ्या कपाळाला लावलं, आई लावते तसं.

तर मी पार्किंगमध्ये श्वास घेत बसलोय. आत्ताच पंचबाई शेजारून गेल्या, थबकल्या, परत आल्या आणि काळजीने काच वाजवून म्हणाल्या, “इज धिस ब्लड, डिअर?”