इलारिओच्या नावाचे बोर्ड

"आपलं नावच पुरेसं आहे!" असं इलारिओ क्विहादा छाती फुगवून सांगायचा. सांगणारच! ॲरिझोनात खाणींच्या सुरक्षेचा निरीक्षकही लोक मतं देऊन निवडतात, आणि इलारिओ दुसऱ्यांदा निवडून आला होता. वाळवंटातल्या ओसाड खाणींच्या तोंडाशी त्याने बोर्ड ठोकले होते. वर 'धोका' बारीक, खाली स्वतःचं नाव हे एवढं!

निकाल लागला की प्रचाराचे बोर्ड काढावे लागतात. ते काम ओफेलियावहिनीने हौसेने अंगावर घेतलं. चौथ्या दिवशी सकाळीच तिची पिकअप अंगणात येऊन थांबली.

"बघा भावजी, एक बोर्ड ठेवला नाही! डोंगरातलेसुद्धा उपटले!"

इलारिओने ताडपत्री उचलली. प्रचाराच्या बोर्डांखाली धोक्याचे नऊ बोर्ड!

"अहो वहिनी, हे खाणींवरचे!"

"मला काय स्वप्न पडलंय? तुमचं नाव दिसलं, उपटलं!"

हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ही. गेल्याच वर्षी असल्याच एका भोकातून त्याने एका शिकाऱ्याला वर काढलं होतं, चादरीत गुंडाळून. शिकाऱ्याची बायको काठावर उभी होती.

"ओढ्याकाठच्या खाणीपाशी रविवारी पोरंबाळं सहलीला येतात हो," वहिनी पुटपुटली. "आणि आज रविवार."

"तुम्ही तिथे जाऊन बसा! बाकीचे आठ ठोकून मी आलोच."

'आलोच' म्हणता म्हणता ऊन कलायला लागलं. हाताला फोड, तोंडाला कोरड, अशा अवस्थेत इलारिओ ओढ्याकाठी पोचला. खाणीच्या तोंडासमोर वहिनी घडीच्या खुर्चीत छत्री धरून बसली होती. तोंड उन्हाने लालबुंद.

"कुणी आलं होतं?"

"तीन कुटुंबं. एक पोरगं तर पार काठापर्यंत पळालं होतं. दंडाला धरून मागे ओढलं."

इलारिओ मटकन खालीच बसला. डोळे पुसले. मग जरा धीर आल्यावर त्याने विचारलं, "माझं नाव सांगितलंत ना? ऐकलं असेल लगेच."

"सांगितलं की! म्हणाले, आम्ही त्याला मत दिलेलं नाही."

"मग गेले कसे?"

"आत साप आहेत म्हटलं. डबेसुद्धा इथेच टाकून पळाले!"

इलारिओने नववा बोर्ड उलटा केला, कोऱ्या बाजूवर रंगाने निमूटपणे एक साप काढला आणि ठोकून टाकला.