उस्ताद बाहेर बसले आहेत

श्यामरावजींना कोणी 'उस्ताद' अशी हाक मारली की ते मागे वळून पाहत. मागे नुसती भिंत असली तरी पाहत. मग हाक मारणाऱ्याला सांगत, "उस्ताद बाहेर बसून राह्यले. मी आपला माती चाळणारा."

नागपुरात महाल भागातल्या आमच्या तालमीच्या दारात खरोखरच एक उस्ताद बसलेले असत. पांडुरंगजी, श्यामरावजींचे धाकटे भाऊ. बाकावर ते बसले की दुसऱ्या कोणाला जागा उरत नसे. मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळायला मार्ग नव्हता. मिशांना तेल, अंगात मलमलीचा सदरा, आणि त्यातून दिसणारी ती छाती! पोराला घेऊन आलेला बाप तिथेच थबके, "पाह्य! याले म्हणते शरीर!" म्हणे आणि पोराचं नाव घालून मोकळा होई.

मीही त्याच छातीला भुललो. मी शाळामास्तर. पोट कमी करा असं डॉक्टरांनी एकदा सांगितलं होतं आणि बायको ते रोज दोन्ही जेवणांना सांगत होती. बाकावरच्या त्या देहाला नमस्कार करून मी मनात म्हटलं, याच्या निम्मं जमलं तरी जन्माचं कल्याण. पांडुरंगजी म्हणाले, "जा आत. आमचा भाऊ दाखवते."

आत भाऊ होता. बांबूला धोतर नेसवावं तसा. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. नागपूरच्या मे महिन्यात आम्ही लंगोटावरही घामाघूम होत असू, पण श्यामरावजींच्या सदऱ्याचं गळ्याचं बटणसुद्धा उघडं दिसायचं नाही. मला वाटलं, हे झाडलोट करत असावेत. मी कोपऱ्यात उभा राहिलो.

"काहून उभे राह्यले, मास्तर?"

"उस्तादांची वाट बघतोय."

"बरं. पण उभ्यानं कायले पाहता वाट? बैठका काढत पाहा."

आठवडाभर मी अशी वाट पाहिली. मांड्या भरून आल्या, जिना उतरताना कठडा धरायची पाळी आली, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की शिकवणी पहिल्या दिवशीच सुरू झालेली आहे!

त्यांच्या शिकवण्याला आवाज नव्हता. मागून येत, हाडकुळं बोट कमरेत खुपसत आणि एवढंच म्हणत, "कंबर." बोट काढलं तरी कंबर सरळच राही. कौतुकाचा शब्द एकच, "चालते." फारच खूष झाले तर "चालते, चालते." एखादा पोरगा आरशासमोर स्वतःचा दंड न्याहाळायला लागला की म्हणत, "पोट्ट्या, त्याच्याकडे कायले पाहून राह्यला? तो कुठी पळून जात नाही."

आणि एवढं करून मान कोणाला? बाहेरच्या बाकाला. पोरं कुस्ती जिंकून येत ती थेट पांडुरंगजींच्या पाया पडत. तेही डोक्यावर पंजा ठेवून गंभीरपणे आशीर्वाद देत. शिकवणाऱ्याच्या अंगावर मांस किती, यावर लोक त्याचं ज्ञान जोखतात याचा मला भारी संताप येई. एकदा श्यामरावजी आखाड्याच्या मातीत तेल-हळद कालवत होते, तेव्हा मी बोलून गेलो, "जन्मभर तुम्ही शिकवायचं आणि नमस्कार त्यांनी घ्यायचे?"

माती कालवता कालवताच ते म्हणाले, "मास्तर, घरातलं सारं दूध-तूप पांडूच्या ताटात जाये. तो लढणार होता न! मी आपला त्याच्यासंग जोर कराले. मंग कुस्तीच्या एका दंगलीत त्याचा गुडघा गेला. वर्षभर खाट धरली त्यानं. भिंतीकडे तोंड करून पडून राहे, जेवेना, बोलेना. एक दिवस म्या जबरदस्तीनं त्याले बाहेर आणून बसवलं. तेवढ्यात खेड्यावरचा एक पोट्टा आला. पांडूलेच उस्ताद समजला अन् त्याच्या पाया पडला. त्या दिवशी माह्या भावानं भाकर मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी मिशीले तेल लावलं." हात पुसत ते म्हणाले, "मंग म्या कायले उस्ताद व्हाव, सांगा?"



पण गजानन ऐकणारा नव्हता. श्यामरावजींच्या हाताखाली तयार झालेला सगळ्यांत तगडा गडी. त्या साली त्याने मोठी दंगल मारली आणि नागपंचमीच्या आधी मला सांगितलं, "मास्तर, आखाड्याच्या पूजेले यंदा फेटा श्यामरावजींलेच बांधतो. साऱ्या मोहल्ल्यासमोर सांगतो, उस्ताद कोण आहे थे."

त्याचंही काही चुकत नव्हतं. मी श्यामरावजींच्या कानावर घातलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नोको गा असं! चारचौघांत पांडूचं तोंड उतरन. पुन्हा खाट धरली त आता मी कसा उठवू त्याले?" संध्याकाळी गजानन आला तेव्हा त्यांनी त्याचे हात धरले. तो म्हणाला, "गुरू काय लपवाची गोष्ट आहे, काकाजी?"

नागपंचमीला मोहल्ला लोटला. मातीची पूजा झाली, लाह्या-फुटाणे उधळले. पांडुरंगजींना आत आणून खुर्चीवर बसवलं होतं. गजानन फेटा घेऊन उभा राहिला आणि इकडेतिकडे बघायला लागला. श्यामरावजी गायब! "आत्ता त होते!" तो पुटपुटला. लोक माना वळवून शोधू लागले.

मला दिसले. मल्लखांबामागे उभे होते, श्वास रोखून. खांब तो केवढा, पण त्यामागे त्यांचा सगळा देह झाकला गेला होता. फक्त एक कोपर बाहेर राहिलं होतं.

तेवढ्यात पांडुरंगजींनी माझी बाही ओढली. हळूच म्हणाले, "मास्तर, भाऊ खांबामागं आहे. मले दिसून राह्यला."

मी चपापलो.

"मले सारं मालूम आहे. उस्ताद कोण, हे मले नाही समजत का? बाकावर बसून बसून गुडघ्याची आग होते. वाटते, घरात जाऊन पडाव. पण मी एक दिवस दारात दिसलो नाही त भाऊच्या घशाखाली घास उतरत नाही. म्हणून बसतो."

मग त्यांनी आवाज चढवला, "गजानन, ये गा! भाऊची वाट नोको पाहू. बांध इकडे."

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी मानेनंच 'बांध' म्हटलं. तो फेटा बांधू लागला, टाळ्या पडल्या, आणि श्यामरावजी खांबामागून जणू आत्ताच बाहेरून आल्यासारखे पुढे झाले. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच. "काय बढिया दिसून राह्यला माहा भाऊ!" ते ज्याला त्याला सांगत होते, आणि डोळे सदऱ्याच्या बाहीला पुसत होते.

भावाला आपण नीट दिसावं म्हणून पांडुरंगजी उठले. दुखऱ्या गुडघ्यानिशी, ताठ. आधाराला त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हसत हसत सगळा भार त्या हातावर टाकला. मला रडू येत होतं, पण खांदा मी हलू दिला नाही.